पाण्याची ट्रॉली घेताय? आधी वजन काढा

विहिरीवरून घरी पाणी आणायला ट्रॅक्टरमागची ट्रॉली घेताना टाकीचे लिटर सगळे बघतात, वजन कुणी धरत नाही. १००० लिटर भरले की १ टन झाला, वर टाकीचं आणि ट्रॉलीच्या लोखंडाचं वजन वेगळंच.

१. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, बनवून घेणार असाल तर ही बेरीज सांगूनच एक्सल आणि टायर ठरवा. ट्रॅक्टरला तेवढी ओढ झेपते का, तेही बघा.

२. दोन चाकी ट्रॉलीत टाकी एक्सलच्या किंचित पुढे बसवा, म्हणजे थोडा भार हुकावर राहतो. टाकी मागं गेली की ट्रॉलीची पुढची दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात. चढाला हे फार वाईट.

३. हुकात मापाची पिन, तिला खालून क्लिप. सळईचा तुकडा घालून भागवणारे गावोगाव दिसतात. तसलं करू नका. जोडीला साखळी हवीच.

४. टाकी काठोकाठ भरा. अर्धी टाकी वळणावर हिंदकळून ट्रॉली ओढते. नेहमी कमीच पाणी लागत असेल तर टाकीच लहान घ्या.

पन्हाळा-जोतिबाकडच्या उतारांवर गाडी न्यूट्रल करू नका. बिनब्रेकची भरली ट्रॉली मागून ढकलते, तेव्हा वरूनच खालचा गिअर टाकून उतरा.