मोरिनी घ्यावं की स्टायर? पहिलं पिस्तूल निवडताना

रेंजवर नवा आलेला मुलगा साधारण तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न विचारतो. शेजारच्या लेनवरचे दोघे जुने नेमबाज लगेच दोन वेगळी नावं सांगतात आणि मग चहा थंड होईस्तोवर वाद चालतो. दोघांचंही बरोबर असतं, कारण प्रत्येक जण आपल्या हाताबद्दल बोलत असतो. वाद कशावरून होतो ते समजलं की स्वतःचं उत्तर काढता येतं.

आधी चौकट. १० मीटर एअर पिस्तुलाला नियमाने ४.५ मिमी कॅलिबर, जास्तीत जास्त १५०० ग्रॅम वजन आणि किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. मूठ मनगटाला आधार देणारी चालत नाही आणि तळहाताखालची पट्टी वर वळवलेली चालत नाही. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी हे सगळे याच चौकटीत पिस्तुलं बनवतात. शिकंज्यात बांधून चांगल्या पेलेटने (शिशाच्या छोट्या गोळीने) मारलं तर यातलं कुठलंही पिस्तूल दहाच्या वर्तुळात एकाच भोकावर भोक पाडतं. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे. तेव्हा ‘अचूक कोणतं?’ हा प्रश्न इथेच मिटतो. उरतो तो मूठ, ट्रिगर, वजन कुठे बसतं आणि बार सुटताना पिस्तूल किती हलतं, एवढाच फरक.

यात सगळ्यात जड पारडं मुठीचं. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर एअर पिस्तुलात साधारण ३२० मिमी असतं. हात सरळ रेषेत १ मिमी हलला, तर १० मीटरवर गोळी १ मिमीच सरकते. पण मनगट किंचित वळलं आणि माशी खाचेत १ मिमी बाजूला गेली, तर निशाणावर ती चूक ३१ मिमीच्या आसपास होते. लक्ष्यावर दोन वर्तुळांमधलं अंतर ८ मिमी आहे, म्हणजे जवळजवळ चार वर्तुळं गेली. हात थरथरतो म्हणून रडणाऱ्या नवशिक्याचे गुण खरं तर या वळण्याने जातात, आणि मूठ बसली नसली की मनगट वळतंच.

मूठ तपासायची रीत साधी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून भिंतीसमोर उभं राहा, डोळे मिटा, पिस्तूल नेहमीच्या उंचीवर उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. माशी खाचेच्या मधोमध आणि वरच्या कडेशी समतल दिसली पाहिजे. सलग दहा वेळा करा. माशी दर वेळी उजवीकडेच दिसत असेल, तर मनगट वळवून ती मधे आणू नका. मूठ फिरवा किंवा तळहाताकडचा भाग घासा. दर वेळी वर दिसत असेल, तर मुठीचा कोन बदलायला हवा. वॉल्थर एलपी ५०० आणि फाइनवेर्कबाउ पी ८ एक्समध्ये मूठ वळवण्या-झुकवण्याची सोय भरपूर आहे, हा त्यांचा मोठा गुण. मोरिनीत घासणं-भरणं जास्त करावं लागतं, पण एकदा बसली की हलत नाही, असं तिचे चाहते सांगतात. त्यात तथ्य आहे.

मुठी एस, एम, एल अशा मापांत येतात. शंका असेल तर मोठी घ्या. अक्रोडाचं लाकूड घासून कमी करता येतं, वाढवायचं तर पुट्टी भरावी लागते. घासताना एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग दोन दिवस सराव, मग पुढचं घासणं. एकाच संध्याकाळी रेती कागद घेऊन बसणारे नंतर पुट्टी भरत बसतात. पुट्टी भरलीत तरी मनगटाला टेकणारा कंगोरा होऊ देऊ नका. साहित्य तपासणीत तोच पकडला जातो.

आता ट्रिगर. मोरिनी सीएम १६२ ईआयचा गवगवा आहे तो त्याच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमुळे. बोट फक्त एक संपर्क जोडतं, पुढचं काम विजेचं. त्यामुळे यांत्रिक ट्रिगरसारखी घासण, कमीजास्त स्प्रिंग, धूळ यांचा फरक पडत नाही. दुसरं असं की ड्राय, म्हणजे गोळी न घालता सराव करताना दर वेळी पिस्तूल कॉक करावं (ताणून तयार ठेवावं) लागत नाही. दिवसाला शंभर ड्राय मारणाऱ्याला हे सुख मोठं आहे. उणी बाजू अशी की बॅटरी संपली की सगळं बंद. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात संपर्कांवर हिरवट गंज धरतो आणि मग ट्रिगर कधी लागतो, कधी लागत नाही. पिशवीत सिलिका जेलची पुडी आणि एक जादा बॅटरी असलीच पाहिजे. पिस्तूल वापरात नसताना बॅटरी काढून ठेवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या जागी राहिली. हाताशी दुसरं पिस्तूल कुणाकडे असतं, ते कसं मिळतं, हे स्पर्धेच्या आदल्या दिवशी विचारून ठेवायला हवं ते यासाठी.

यांत्रिक ट्रिगरवाल्यांचा मुद्दा असा की स्क्रू फिरवून काय होतं ते बोटाला कळतं. स्टायर एलपी १० आणि त्याची पुढची इव्हो १०, पार्दिनी के १२ या पिस्तुलांचा यांत्रिक ट्रिगर स्वच्छ तुटतो. आम्ही पहिल्या पिस्तुलाला यांत्रिकच सुचवतो. बॅटरीची भीती हे कारण नाही. नवशिक्याला ट्रिगरचा पहिला टप्पा (बोट अडेपर्यंतची ओढ) आणि दुसरा टप्पा (बार सुटतो तो शेवटचा दाब) यांच्यातला फरक बोटात रुजवायला हवा, आणि तो यांत्रिकमध्ये लवकर रुजतो. इलेक्ट्रॉनिकवाले हे अजिबात मान्य करत नाहीत. करू नयेत.

ट्रिगर बसवताना नियमाच्या ५०० ग्रॅमवर न थांबता ५१५ ते ५२० ग्रॅम ठेवा, कारण स्प्रिंग वापरात बसते आणि तपासणीला वजन उचललं गेलं नाही तर तिथेच डोकं फिरतं. तपासताना नळी सरळ वर, वजन ट्रिगरच्या मधोमध, आणि उचलणं हळू. यातले सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात ठेवा. मग उरलेल्या सुमारे ११५ ते १७० ग्रॅमवर बार सुटतो. पहिला टप्पा हलका आणि दुसरा जड ठेवला की बोट ओढायला लागतं, सोबत बाकीची चार बोटंही आवळली जातात, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे, घड्याळाच्या सातच्या दिशेला जमा होतात. तो ग्रुप बघून साइट (नेम धरायची खाच) सरकवणं ही सगळ्यात महागडी चूक. साइट सरकवल्यावर पुढचे चांगले सुटलेले शॉट वर उजवीकडे जाणार.

बार सुटताना पिस्तूल हलण्याबद्दल: स्टायर, पार्दिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ यांत धक्का शोषणारी यंत्रणा बसवलेली असते. एक छोटं वजन उलट दिशेने सरकतं आणि माशी जागच्या जागी राहते. मोरिनी १६२ मध्ये ती नाही, तरी त्यानेच मोठमोठी पदकं जिंकली गेली आहेत. मग फायदा काय? शॉटनंतर माशी कुठे होती हे स्वच्छ दिसतं, त्यामुळे ‘हा शॉट नऊ गुणांचा, घड्याळाच्या तीनच्या दिशेला गेला’ असं आधीच सांगता येतं. शिकणाऱ्याला हा धडा मोलाचा. पण चांगला फॉलो-थ्रू असलेल्याला, म्हणजे बार सुटल्यावरही क्षणभर नेम धरून ठेवणाऱ्याला, तो शोषकाशिवायही मिळतो.

वजन सगळ्यांचं सुमारे १ किलो धरा. वजन नळीच्या पुढे असेल तर माशी संथ हलते पण खांदा लवकर दमतो. ६० शॉट, ७५ मिनिटं, शिवाय सुरुवातीला तयारीची आणि साइटिंगची (न मोजल्या जाणाऱ्या शॉटची) १५ मिनिटं, हे सगळं धरून निवडा. दुकानात पाच शॉट मारून ‘मस्त बसतंय’ म्हणू नका. चाळिसाव्या शॉटला मत विचारा.

क्लबांमधून अजूनही दिसणारं रशियन बनावटीचं बैकल इझ ४६ एम हे वेगळंच प्रकरण. त्याला बाकीच्यांसारखं दाबाच्या हवेचं सिलिंडर नाही. खालचा दांडा एकदा ओढला की हवा भरते. अचूक आहे, भक्कम आहे, बिघडायला त्यात फारसं काही नाही. पण ६० वेळा दांडा ओढून नेम धरणारा हातच दमतो, आणि किशोरवयीन मुलींना तो ओढणं जड जातं. दांडा डाव्या हाताने, पिस्तूल मांडीजवळ घेऊन, नळी लक्ष्याकडेच ठेवून ओढायची सवय लावा. पहिले सहा महिने याच्यावर काढले तर पैसे वाचतात.

सिलिंडरच्या पिस्तुलांत हवा साधारण २०० बारपर्यंत भरतात. भरणं सावकाश. घाईत भरलं की सिलिंडर तापतं, थंड झाल्यावर दाब खाली येतो. डायव्हिंगच्या टाकीतून किंवा हातपंपाने भरा, पण हातपंपाने पावसाळ्यात भरताना पाणीही आत जातं. फिल्टर लावा आणि दर काही झटक्यांनी पंपाचा दाब सोडा. ऑक्सिजन कधीही भरू नका, तेल-ग्रीसशी गाठ पडली तर स्फोट होतो. सिलिंडरवर बनवल्याची तारीख छापलेली असते. बनवणाऱ्याने दिलेली मुदत, जास्तीत जास्त १० वर्षं, उलटली की स्पर्धेत ते चालत नाही. जुनं पिस्तूल विकत घेताना सगळ्यात आधी हीच तारीख बघा. मग सिलिंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेज खाली आला असेल तर सील बदलावे लागतील.

पेलेटच्या बाबतीत नवशिक्याने वाद घालू नये. सपाट डोक्याच्या, ४.४९ किंवा ४.५० मिमीच्या एका लॉटचे (एकाच वेळी बनवलेल्या मालाचे) पाचशेचे पाच-सहा डबे घ्या आणि ते संपेस्तोवर दुसऱ्याकडे बघू नका. लॉट तपासणं ६०० पैकी ५६० गुणांच्या वर गेल्यावर. त्याआधी बदलणारी गोष्ट पेलेट नसते.

परवान्याचं काय, हा पालकांचा पहिला प्रश्न. ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद ६-७ ज्यूलच्या आसपास असते. पण २५ मीटरच्या पॉइंट टूटूला (.२२ कॅलिबरच्या काडतुसाच्या पिस्तुलाला) परवाना लागतो, त्यामुळे सुरुवातीला क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच मारायचं.

२५ मीटर म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव निघतं. २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत तिने याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. इथे ट्रिगर १००० ग्रॅम, वजन १४०० ग्रॅमपर्यंत आणि पेटी ३०० × १५० × ५० मिमी. माशी-खाचेचं अंतर फार तर २२० मिमी, म्हणजे १ मिमीची चूक २५ मीटरवर ११४ मिमी. मूठ इथे एअरपेक्षाही कडक तपासली पाहिजे.

पार्दिनी एसपी, वॉल्थर एसएसपी, मोरिनी सीएम २२ एम या तिन्हींत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं आणि नळी हाताजवळ खाली असते, त्यामुळे झटका वर न जाता मागे येतो. रॅपिड फेरीत, ७ सेकंद थांबून ३ सेकंदांत एक शॉट, याचा फायदा दिसतो. हॅमर्ली २०८ सारख्या जुन्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत असतं. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश नेमाच्या फेरीला, ते आजही गोड वाटतं, रॅपिडमध्ये मात्र मागे पडतं. आमचा कौल पार्दिनीकडे झुकतो, एका व्यावहारिक कारणाने. रेंजवर पाच जणांकडे तेच असलं की सुटे भाग, मॅगझिन आणि दुरुस्ती जाणणारा माणूस हाताशी असतो. तुमच्या रेंजवर पाच जणांकडे वॉल्थर असेल तर वॉल्थर घ्या.

पॉइंट टूटू अडकतं ते बहुधा तीन कारणांनी. मॅगझिनचे ओठ वाकलेले असतात, एक्स्ट्रॅक्टरखाली (रिकामं टरफल ओढून काढणाऱ्या आकड्याखाली) मेण आणि शिशाचा थर बसलेला असतो, किंवा काडतूस चुकीचं असतं. स्टँडर्ड व्हेलॉसिटीचंच, साधारण ३२०-३३० मीटर प्रति सेकंदाचं, काडतूस वापरा. जास्त वेगाच्या काडतुसाने स्लाइड आदळते आणि भाग झिजतात. रिकामं ड्राय मारताना डमी काडतूस किंवा बनवणाऱ्याने दिलेला ड्राय-फायर प्लग लावा, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर खूण पाडते आणि मग काडतूस नीट बसत नाही.

स्पर्धेत पिस्तूल अडकलं तर ते लक्ष्याकडे धरून ठेवा, ट्रिगरला पुन्हा हात लावू नका, बोल्ट उघडू नका, मोकळा हात वर करा. पंचांनी बघण्याआधी तुम्ही काही हलवलंत, तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि त्या मालिकेतले उरलेले शॉट शून्य मोजले जातात.