एक फोन आणि चाळीस कार्डे : वर्गात शिकण्याचा खेळ कसा उभारावा

मोबाइलच्या साहाय्याने खेळातून शिकवायचे म्हटले की प्रत्येक मुलाकडे फोन कुठून येणार, हा प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो. कळव्यातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीतल्या बहुतेक मुलांच्या घरी एकच फोन आहे, आणि तो सकाळीच वडिलांबरोबर वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला कामावर जातो. त्यामुळे इथे दिलेली रीत शिक्षकाच्या एकाच फोनवर चालणारी आहे.

प्लिकर्स नावाच्या अ‍ॅपमध्ये मुलांच्या हाती छापील कार्डे द्यायची असतात. चाळीस कार्डांचा संच त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनी ठोकळ्यांची निराळी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे अगदी बारीक छापलेली असतात. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, की कोणी कोणते उत्तर दिले ते फोनवर दिसते. आकृत्या निराळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवता येत नाही, आणि एरवी कधीच हात वर न करणारे मूलही इथे उत्तर देते. माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

छापलेली कार्डे जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवावीत. चकचकीत लॅमिनेशन करू नये, कारण खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. बोटे आकृतीवर येऊ न देता कार्ड कडेला धरण्याचा सराव पहिल्या दिवशीच करून घ्यावा. अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावे न घालता फक्त हजेरी क्रमांक घालावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे शिक्षकांनी लक्षात ठेवलेले बरे.

एवढी तयारी एका दुपारची आहे. खरे कष्ट प्रश्न तयार करण्यात आहेत, आणि तिथे घाई केली तर उरतो तो नुसता गलका. १/२ अधिक १/३ किती, हा प्रश्न घ्या. मी पर्याय देते ते असे : २/५, ५/६, २/६ आणि १/५. बरोबर उत्तर ५/६ आहे, परंतु उरलेल्या तिन्ही पर्यायांमागे एकेक ओळखीची चूक उभी आहे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारे मूल २/५ निवडते, समच्छेद करून अंश बदलायला विसरणारे २/६ निवडते, आणि फक्त छेदांची बेरीज करणारे १/५ वर थांबते. त्यामुळे कॅमेरा फिरवून झाला की किती मुले चुकली यापेक्षा कोणती चूक किती जणांची आहे ते मला कळते, आणि पुढची दहा मिनिटे कशावर घालवायची ते ठरते.

उत्तर लगेच सांगू नये. दोन मिनिटे प्रत्येकाने शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यावे आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा. त्यासाठी तो अ‍ॅपमधल्या प्रश्नांच्या संचात दोनदा घालून ठेवावा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. या दोन मिनिटांत बाकांमधून फिरत राहावे. एकदा एक मुलगी मला म्हणाली, "बाई, अर्धी भाकरी आधीच खाल्ली, तर वर आणखी खाऊन ती अर्ध्याहून कमी कशी होईल?" २/५ हे उत्तर का चुकते याचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण मी स्वतः कधी दिले नव्हते.

आता गुणांविषयी. पहिल्या वर्षी मी पहिल्या दहा मुलांचे क्रमांक फळ्यावर लिहीत असे. तिसऱ्या आठवड्यापासून मागच्या बाकांवरची काही मुले कार्ड वर धरेनाशी झाली, कारण आपण त्या दहांत येणार नाही हे त्यांना कळून चुकले होते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवले होते की आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस आधीच कबूल केले, तर पुढे मोकळ्या वेळात ती कमी चित्रे काढतात. म्हणून यादी पुसली आणि साऱ्या वर्गाची मिळून एक गाडी केली. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. भिंतीवर ३४ खणांची कागदी पट्टी लावावी आणि पुठ्ठ्याचे इंजिन बोरीबंदरला उभे करावे. दुसऱ्या फेरीत, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर, वर्गातल्या तीन चतुर्थांश मुलांचे उत्तर बरोबर आले, तर गाडी एक खण पुढे जाते. पंधरा दिवसांपूर्वीचा प्रश्न अचानक विचारला आणि पहिल्याच फेरीत तेवढी मुले बरोबर आली, तर दोन खण. गाडी मागे कधीही सरकवू नये. जुन्या प्रश्नाला दुप्पट मोल देण्याचे कारण असे की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितल्याने शिकलेले जास्त काळ टिकते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. आठवड्यातून दोनदा तीन-तीन प्रश्न घेतले, तर गाडी पाच-सहा आठवड्यांत ठाण्याला पोहोचते.

घरच्या अभ्यासाला मात्र रोजच्या सलग हजेरीचे गुण जोडू नयेत. वडील रात्रपाळीला गेले म्हणून साखळी तुटली, तर ती शिक्षा मुलाला फोन नसल्याची होते. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि २०१७ मध्ये सुरू झालेले दीक्षा हे सरकारी ऑनलाइन शिक्षण व्यासपीठ घरी जरूर वापरावे, परंतु त्यासाठी पूर्ण आठवड्याची मुदत द्यावी, आणि तेच काम वहीत करण्याची मुभा ठेवावी.

गाडी ठाण्याला लागली की एक तास मुलांच्या स्वाधीन करावा. चौघांच्या गटाने एक प्रश्न आणि चार पर्याय लिहायचे, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली तो कोणत्या चुकीमुळे निवडला जाईल ते एका वाक्यात लिहायचे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर पर्याय बदलायचा. जमलेले प्रश्न त्याच संध्याकाळी अ‍ॅपमध्ये घालून ठेवावेत, म्हणजे पुढच्या फेरीतले इंजिन बोरीबंदरहून निघेल तेव्हा पहिला प्रश्न मुलांचाच असेल.