ॲलेक्स जेम्सचं पान: जुन्या फुटबॉलपटूची कारकीर्द वहीत कशी मांडावी

माझ्याकडे दोनशे पानी वह्या आहेत, एका खेळाडूला एक पान. सगळ्यांत जास्त खाडाखोड झालेलं पान ॲलेक्स जेम्सचं. पहिल्यांदा ते मी दहा मिनिटांत उरकलं होतं: जन्म 1901, लॅनार्कशायर, आर्सेनलकडून 231 लीग सामने, गोल 26, स्कॉटलंडकडून सामने 8. बाजूला पेन्सिलीने शेराही मारला, 'नाव सोनूबाई'. तो शेरा खोडता खोडता जे शिकलो, ते सांगतो.

वही आडवी धरा. मोसम, क्लब, लीग सामने, लीग गोल असे रकाने आखा, आणि शेवटचा रकाना चांगला रुंद ठेवा. त्यात खेळाडू मैदानात कुठे खेळायचा ते लिहायचं. मोसम '1929-30' असाच लिहा. तो तेव्हा ऑगस्टअखेर सुरू होऊन मेमध्ये संपायचा, त्यामुळे नुसतं 1930 लिहिलं की दोन मोसमांची खिचडी होते. एफए कप ही लीगहून वेगळी, हरला की बाहेर अशी स्पर्धा; तिचे गोल लीगच्या रकान्यात घुसवू नका.

मग 1925 च्या उन्हाळ्यावर लाल रेघ मारा. तोवर ऑफसाइड, म्हणजे गोलजवळ फार पुढे उभं राहण्याचा दोष, टाळायला पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन गडी असावे लागत. त्या वर्षापासून दोन पुरेसे झाले आणि गोल धो धो व्हायला लागले. रेघेवरचे आकडे रेघेखालच्या आकड्यांशी तोलायचे नाहीत. जेम्सच्या क्लबांपैकी रेथ रोव्हर्स रेघेच्या वर येतं, प्रेस्टन आणि आर्सेनल खाली.

आता तो रुंद रकाना. प्रेस्टनमध्ये जेम्सने 147 लीग सामन्यांत 53 गोल केले होते. 1929 मध्ये आर्सेनलने 8,750 पौंड मोजून त्याला आणलं, आणि मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने त्याला मागे ओढलं. गोल करायचे नाहीत, मागून चेंडू उचलून पुढच्यांना पुरवायचा. 1930-31 मध्ये आर्सेनलने लीगमध्ये 127 गोल ठोकले, त्यातले 38 एकट्या जॅक लॅम्बर्टचे. 1932-33 मध्ये क्लिफ बॅस्टिनने विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, असून 33 केले. त्याआधीचा पास कुणाचा होता, हे तेव्हा कुणी नोंदवत नसे. म्हणून निदान एक गोल तरी सविस्तर लिहून ठेवा. मी 1930 ची एफए कपची फायनल घेतली, हडर्सफील्डविरुद्ध. जेम्सला पाडलं, फ्री किक मिळाली. बचाव सावरायच्या आत त्याने चेंडू डावीकडे बॅस्टिनला दिला, स्वतः पुढे धावला, परत घेतला आणि जाळ्यात मारला. आर्सेनल 2-0 जिंकलं.

देशाकडून फक्त 8 सामने पाहून नाक मुरडू नका. स्कॉटलंडचे वर्षाला ठरलेले सामने तीनच: इंग्लंड, वेल्स, आयर्लंड. युरोपच्या मुख्य भूमीवर संघ पहिल्यांदा खेळला तो 1929 मध्ये, आणि 1930, 1934, 1938 या तिन्ही वर्ल्ड कपमध्ये तो नव्हताच. त्या आठांतला एक सामना मात्र वहीत चौकट आखून ठेवावा असा: 31 मार्च 1928, वेम्बली, इंग्लंड 1, स्कॉटलंड 5. तीन गोल ॲलेक्स जॅक्सनचे, दोन जेम्सचे. दोघेही ॲलेक्स, तेव्हा आडनाव पूर्ण लिहा. त्या अकरांतले आठ जण इंग्लिश लीगमधल्या क्लबांचे होते, म्हणून प्रत्येकापुढे क्लब लिहिलात तर चित्र लगेच कळतं.

पैशाला वेगळी ओळ द्या. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त 8 पौंड देता येत, मग ट्रान्स्फरची रक्कम हजारांत का असेना. जेम्सला लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात जोडीला नोकरी मिळाली ती याच पायी. क्लबने मोजलेले पौंड खेळाडूच्या कमाईत मिळवू नका.

नावाची शेवटची खात्री जन्मगावावरून करा. हे माझ्या चुकीतून आलंय. 1925 च्या स्कॉटिश कप फायनलमध्ये पायांत चेंडू धरून कोलांटी मारत जाळ्यात शिरलेला गॅलाकर मी कितीतरी दिवस ह्यूई गॅलाकर समजत होतो. तो सेल्टिक क्लबचा पॅट्सी गॅलाकर, आयर्लंडमध्ये डोनेगलला जन्मलेला. वेम्बलीला जेम्सच्या शेजारी खेळलेला ह्यूई स्कॉटलंडमधल्या बेल्सहिलचा, आणि 1925 च्या त्या फायनलच्या वेळी एअरड्री क्लबकडे होता. पॅट्सीचं पान आता वेगळं केलंय. ह्यूईच्या पानावर त्या जागी कागद चिकटवलेला आहे.