जुने कृष्णधवल भयपट घरी प्रोजेक्टरवर लावताना: काळा रंग आणि शांतता कशी जपायची

जुन्या कृष्णधवल भयपटातलं भूत क्वचितच पुढ्यात येतं. ते दाराआडच्या काळोखात असतं, जिन्याच्या वळणावर असतं, दोन संवादांमधल्या गप्पपणात असतं. काळोख राखाडी झाला किंवा त्या गप्पपणात घरघर शिरली, की उरतो तो नुसता संथ सिनेमा. मग लोक म्हणतात, ‘जुनं आहे, भीती कसली वाटणार!’

नागपुरात दोन्हींचा वैरी उन्हाळा. मे महिन्यात सातपर्यंत उजेड, गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला आणि खोलीत कूलर. कूलरपुढे पावलांची चाहूल, दाराची करकर, लांबून येणारं गाणं, सगळं बुडतं. आवाज वाढवावा तर संवाद कानावर आदळतात. त्यामुळे असले सिनेमे हिवाळ्यासाठी राखून ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य साडेपाच ते सहाच्या आसपास मावळतो, सातला गडद अंधार असतो आणि पंखाही लागत नाही.

गच्ची की खोली? खोलीच. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही, तो त्या जागी फक्त प्रकाश टाकायचा टाळतो. प्रोजेक्टर बंद असताना पडदा जेवढा उजळ दिसतो, त्याहून काळं त्यावर काही दिसणार नाही. गच्चीवर पथदिव्याचा उजेड पडतोच. खोलीत खिडक्या झाका, पडद्यालगतच्या भिंतींवर चार-पाच फुटांपर्यंत गडद चादरी टांगा (पांढरी भिंत पडद्याचाच उजेड परत त्याच्यावर फेकते) आणि राऊटर, इन्व्हर्टरच्या दिव्यांवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावा.

पडद्याला साधी चादर नको, तिच्यातून प्रकाश आरपार जातो. गांधीबागेत कापड घ्यायला जाल तेव्हा पांढरं ब्लॅकआउट कापड मागा. माप सिनेमाच्या चौकटीवरून ठरवा. १९४९ च्या ‘महल’ची चौकट जवळपास ४:३, म्हणजे ६ फूट रुंदीला साडेचार फूट उंची. आजचा प्रोजेक्टर १६:९ चा असतो. साडेचार फूट उंचीला तो ८ फूट रुंद प्रकाश टाकतो आणि दोन्ही बाजूंना फूटभर राखाडी पट्टे राहतात. त्यांच्यावर काळं कापड सोडा, चित्र लगेच खोल वाटू लागतं. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून १२ फुटांवर बसतो, कारण अंतर पूर्ण ८ फुटांवर मोजायचं असतं, ६ वर नाही. इथे हमखास गफलत होते.

पट्टे नकोत म्हणून चित्र ताणू किंवा झूम करू नका. ताणलं की चेहरे फुगतात, झूम केलं की वरची-खालची चौकट कापली जाते. १९६१ चा ‘द इनोसंट्स’ सिनेमास्कोपमधला, रुंद चौकटीचा. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी खास फिल्टर वापरून चौकटीच्या कडा मुद्दाम अंधाऱ्या ठेवल्या आहेत. पडदा भरण्यासाठी झूम केलं तर जातात त्याच कडा.

आता सेटिंग. मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. ‘व्हिविड’ मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद, नाहीतर अंधारातून कोणी दिवा घेऊन आलं की सगळं चित्र भपकन उजळतं. काळ्यात निळसर किंवा हिरवट झाक दिसली तर कलर शून्यावर आणा, तरी राहिली तर कलर टेंपरेचर ‘वॉर्म’कडे न्या.

ब्राइटनेस लावायला ‘वह कौन थी?’ची (१९६४) सुरुवात उत्तम: पावसाळी रात्र, मोटारीतला डॉक्टर आणि पांढऱ्या साडीतली बाई. चित्र थांबवा. रात्रीचं आभाळ राखाडी होईपर्यंत ब्राइटनेस वाढवा, मग राखाडीपणा जाईपर्यंत हळूहळू उतरवा. डॉक्टरच्या गडद कोटाची शिवण दिसेनाशी झाली तर एक-दोन घरं परत चढा. नंतर कॉन्ट्रास्ट. साडीच्या चुण्या दिसायलाच हव्यात. साडीचा सपाट पांढरा ठिपका झाला असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. पावसाच्या धारा नीट दिसल्या की जमलं. धारा पडद्यावर उमटाव्यात म्हणून त्यांच्यावर मागून प्रकाश टाकावा लागतो, आणि बिघडलेल्या सेटिंगमध्ये आधी गायब होतो तो हाच प्रकाश.

या सिनेमांचा आवाज मोनो (एकाच चॅनेलचा) आहे, सराउंड बंद करा. एकच बरा स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध ठेवा आणि वायरनं जोडा. ब्लूटूथमुळे आवाज मागे पडू शकतो आणि किंकाळी तोंड मिटल्यावर येते. ‘नाइट मोड’ही नको, तो कुजबुज आणि आरोळी एका पातळीला आणतो. जुनी खरखर दाबायला ट्रेबल थोडा उतरवा, फार नको, शब्द बोबडे होतात.

रंगवलेली आवृत्ती टाळा. हिंदी सिनेमे बरेचदा अडीच तासांच्या आसपासचे, तेव्हा जेवणं आधी उरका. चिवडा फक्त मध्यंतरात. मध्ये काही लागलंच तर संत्री सोलून वाट्यांत देऊन ठेवा, हंगाम त्याच दिवसांतला आणि खाताना आवाजही होत नाही.