गोव्यात पोटगी ठरवताना या चुका टाळा

एक चूक इतक्यांदा पाहिलीय की आधी तीच सांगते. बोलणीच्या वेळी सासरची माणसं म्हणतात, "पंधरा लाख एकरकमी घे आणि बाकी काही मागू नको." थकलेली बाई सही करून मोकळी होते. त्या 'बाकी काही'मध्येच तिचा अर्धा वाटा जातो. गोव्यात लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. पोर्तुगीज नागरी कायद्यापासून हे चालत आलंय. डिचोलीची एक ताई म्हणाली, "फ्लॅट त्यांच्या नावावर, माझा काय संबंध?" संबंध आहे! वाटा हा तिचा मालकी हक्क, तर पोटगी गरज आणि ऐपत पाहून ठरते. समझोत्यात दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या. लग्न गोव्याबाहेर नोंदवलं असेल, तर हा मुद्दा वकिलाकडून आधी तपासून घ्या.

"पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात" हे सगळीकडे ऐकू येतं. २०१७च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा योग्य मानला होता, पण तो ठरलेला दर नाही. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खरी लढाई तिथे असते. त्या ताईच्या खर्चाच्या वहीत दूध, गॅस, मुलाची व्हॅन असं सगळं होतं. जूनमधला गणवेश, विम्याचा हप्ता आणि चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च मात्र नव्हता. असे वर्षाचे खर्च बारांनी भागून महिन्यात धरा. नवरा बोटीवर नोकरीला असेल तर करार संपल्यावर "सध्या कमाई नाही" असं सांगितलं जातं, म्हणून मागच्या तीन वर्षांचे बँक स्टेटमेंट मागा.

स्वतःची नोकरी आहे म्हणून पोटगी मिळणारच नाही, असं समजू नका. मुलांचा खर्च वेगळा मागा, तुमच्या रकमेत मिसळू देऊ नका.

आणि अर्ज करायला थांबू नका. रजनेश विरुद्ध नेहा याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, आधीचे महिने हातचे जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १४४खाली पोटगीचा आदेश झाला आणि हप्ता थकला, तर वसुलीचा अर्ज तो देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. "दिवाळीनंतर देईन" असं तो म्हणाला, तरी हप्ता देय झाल्याची तारीख वहीत टिपून ठेवा.