स्कॉटलंडच्या सेशनला जायचंय? वर्षभराची तयारी

ग्लासगोत राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. पुण्याहून, नाशिकहून किंवा लंडनहून कुणी ओळखीचं येणार असलं की फोनवर हमखास विचारतं, "तिथलं लोकसंगीत ऐकायचंय, कुठे जाऊ, बरोबर काय घेऊ?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा पबांत जमणारी सेशन्स आणि वर्षभरातले महोत्सव यांबद्दल एकदा नीट लिहून काढते. कारण हे संगीत मला फार जवळचं आहे, आणि पाहुणे नुसते फोटो काढून परत गेले की जिवाला लागतं.

सगळ्यात आधी कानांची तयारी, आणि तीही निघायच्या महिनाभर आधी सुरू करायची. १९५१ साली एडिंबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झालं. तिथले लोकगीतांचे संग्राहक हेमिश हेंडरसन आणि त्यांचे सहकारी जड टेपरेकॉर्डर घेऊन शेतमजुरांकडे, भटक्या समाजाच्या तंबूंत आणि बेटांवरच्या घरांत फिरले. लोकांच्या तोंडी असलेली गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली. अ‍ॅबर्डीनच्या गायिका जीनी रॉबर्टसन हेंडरसनना भेटल्या त्या १९५३ साली, आणि त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. यातला बराच ठेवा 'तोबर अन दुआल्खिश' या संकेतस्थळावर फुकट खुला आहे. रोज झोपण्याआधी एक गाणं ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल. बेटांवर बायका नवं विणलेलं ओलं कापड फळीवर आपटून घट्ट करताना जी गाणी म्हणायच्या, ती मात्र चुकवू नका. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचं पालुपद धरायचं आणि हाताचा ठेका सुटू द्यायचा नाही. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आजीचं जातं आठवलं. कष्ट हलके व्हावेत म्हणून बाईने गावं, हे इथेही तसंच होतं.

गाण्यांबरोबर तालही ओळखायला शिका. 'जिग' सहा मात्रांची, तीन-तीन अशी पडते. दादऱ्याची सवय असेल तर पायाला लगेच सापडते. 'रील' त्याहून सरळ, वेगवान, केरव्याच्या अंगाने जाणारी. 'स्ट्राथस्पे' मात्र खास इथलीच, स्पे नदीच्या खोऱ्याचं नाव घेऊन आलेली. तिच्यात आखूड सूर आधी आणि लांब सूर नंतर असा झटका येतो. 'स्कॉच स्नॅप' म्हणतात त्याला. तो झटका एकदा कानात बसला की आयरिश वादन कुठलं आणि स्कॉटिश कुठलं, हे बऱ्याचदा तुमचं तुम्हालाच कळेल. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी डंकेल्डजवळच्या इन्व्हरचे नील गाउ (१७२७–१८०७) आणि जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) या दोन फिडलवादकांच्या रचना शोधून ऐकाव्यात. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाजवण्याची रीत वेगळी.

आता सेशन म्हणजे काय, हे मनाशी पक्कं करा. तो कार्यक्रम नसतो. तिकीट नाही, व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. पबच्या एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वाजवणारी माणसं जमतात आणि एकमेकांसाठी वाजवतात. एडिंबऱ्यात फॉरेस्ट रोडवरचं 'सँडी बेल्स', इन्फर्मरी स्ट्रीटवरचं 'रॉयल ओक', ग्लासगोत आर्गाइल स्ट्रीटवरचं 'बेन नेव्हिस', इन्व्हर्नेसमध्ये 'हूटनॅनी' ही नावं वहीत लिहून ठेवा. वार आणि वेळ बदलते, म्हणून त्याच दिवशी पबला फोन करून खात्री करा. मुलं बरोबर असतील तर तेही फोनवरच विचारा. बऱ्याच पबांत संध्याकाळनंतर लहान मुलांना बसू देत नाहीत. स्वतः गाडी चालवणार असाल तर एक थेंबही घेऊ नका. डिसेंबर २०१४ पासून इथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे. दारू न पिणाऱ्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही. 'आयर्न-ब्रू' मागा, नाहीतर लिंबू-सोडा मागा, पण काहीतरी विकत घ्या; त्या पबच्या गल्ल्यावरच हे सेशन तगून आहे.

अर्धा तास आधी पोहोचा. भिंतीला लागून असलेला बाक आणि त्यापुढचं टेबल मोकळं दिसलं तरी तिथे बसू नका, ती वाजवणाऱ्यांची जागा असते. शेजारच्या टेबलाशी बसा, वाजवणाऱ्यांकडे पाठ करून नको, तोंड करून. मग बघत राहा. फिडलच्या पेट्या बाकाखाली सरकवल्या जातात, टेबलावर राळेची पांढरी भुकटी सांडते, ॲकॉर्डियनवाला पट्टा खांद्यावर घेतो. त्याला सगळे 'बॉक्स' म्हणतात, जसं आपण हार्मोनियमला पेटी म्हणतो. कुणीतरी एक ट्यून सुरू करतं, दोन ओळींत बाकीचे ती ओळखून सामील होतात. बहुतेक ट्यूनला दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, अशी ती दोन-तीनदा फिरते. मग सुरू करणारी बाई भुवया उंचावते किंवा पुढच्या ट्यूनचा सूर सांगायला नुसतं "डी!" म्हणते, आणि न थांबता सगळे दुसऱ्या ट्यूनमध्ये जातात. माझा जीव या वळणावर अडकलेला असतो. समेवर यावं तसा सगळा कोपरा एकदम उजळतो, कुणाच्या तरी तोंडून "हप्!" निघतं. ती जागा ऐकायची म्हणून सेशनला जायचं. टाळ्या ट्यूनचा असा सगळा संच संपल्यावर वाजवा, मध्येच ठेका धरून नको; टाळ्यांचा ठेका हमखास पुढे-मागे होतो आणि वाजवणाऱ्यांची पकड सुटते.

कुणी गायला लागलं तर मात्र ग्लाससुद्धा टेबलावर आवाज न करता ठेवा. इथे गाणं बऱ्याचदा साथीशिवाय, डोळे मिटून, सगळी कडवी पूर्ण म्हणून गायलं जातं. धृपद आलं की सामील व्हा, तिथे आवाज राखून ठेवायचा नाही. आणि फोन खिशात ठेवा. पहिल्या वर्षी एका पबमध्ये मी न विचारता ध्वनिमुद्रण सुरू केलं. गाणाऱ्या बाई तिसऱ्या कडव्यावर थांबल्या, माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "हे माझ्या आईचं गाणं आहे." ते पुढे गायलं गेलं नाही. त्या गाण्याची उरलेली कडवी मी अजून शोधते आहे. तेव्हा आधी विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

आता वर्षाचा हिशेब. जानेवारीत ग्लासगोत 'सेल्टिक कनेक्शन्स' हा संगीत महोत्सव असतो, १९९४ पासून, अडीच-तीन आठवडे चालणारा. तिकिटं आणि राहण्याची जागा शरद ऋतूतच ठरवा. जानेवारीत दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, थंडी ओली असते आणि सभागृहांत मात्र उकडतं, म्हणून एक जाड कोट न घेता पातळ कपडे एकावर एक घाला. २५ जानेवारी हा कवी रॉबर्ट बर्न्स यांचा जन्मदिवस. १७५९ साली ते अ‍ॅलोवे इथे जन्मले. त्या रात्रीच्या जेवणात हॅगिस असतं, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस ओट्समध्ये शिजवलेलं. शाकाहारी हॅगिस सर्रास मिळतं आणि चवीला झकास असतं, फक्त आधी कळवा. शेवटी बर्न्स यांचं 'ऑल्ड लँग साइन' हे गाणं होतं. त्यातला 'साइन' स-कारानेच म्हणायचा, झ-काराने नाही, आणि हात आडवे गुंफायचे ते शेवटच्या कडव्याला, पहिल्यापासून नाही. एवढं जमलं तरी शेजारचे म्हातारबाबा तुमच्यावर खूश होतात.

एप्रिल संपता संपता शेटलंडचा लोकसंगीत महोत्सव, १९८१ पासूनचा. अ‍ॅबर्डीनहून रात्रीची बोट, साधारण बारा तास. केबिन लवकर राखून ठेवा, बोट लागण्याची गोळी आणि आल्याची वडी पर्समध्ये असू द्या. वाजवणारे त्याच बोटीत असतील तर महोत्सव बोटीच्या बारमध्येच सुरू होतो. बेटांवर कार्यक्रम गावच्या समाजमंदिरांतही होतात, मध्यंतराला चहा, सँडविच आणि घरी केलेला केक मिळतो. माझ्या मते या देशातलं संगीत त्याच चहाच्या वासात सगळ्यात चांगलं लागतं. मेअखेरीस ऑर्क्नीचा महोत्सव स्ट्रॉमनेसला भरतो. स्क्रॅबस्टरहून बोट दीड तासाची.

उन्हाळ्यात डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या, कारण जूनमध्ये उत्तरेकडे रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल. 'मिज' नावाच्या बारीक माश्यांसाठी मलम घ्या, छत्री घरी ठेवा, टोपीचा रेनकोट घ्या. जुलैत लुइस बेटावर स्टॉर्नोवेला 'हेबकेल्ट' हा संगीत महोत्सव असतो. तिथे रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच खाण्याची सोय करा. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकांची जागतिक पाइप बँड स्पर्धा होते. लहान मुलांच्या कानांत बोळे घालायला विसरू नका.

ऑक्टोबरचा 'मोड' हा गेलिक या इथल्या जुन्या भाषेतल्या गाण्याचा मोठा मेळा. पहिला १८९२ साली ओबनला झाला, आता दरवर्षी गाव बदलतं. स्पर्धा दिवसा आणि खरी मजा रात्री पबांत. "तापा लेव" म्हणजे धन्यवाद आणि "स्लांज वा" म्हणजे तब्येतीला शुभेच्छा, एवढे दोन शब्द तोंडात बसवून जा. नोव्हेंबरमध्ये एडिंबऱ्याला फिडल महोत्सव, ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूचा दिवस, आणि मग ३१ डिसेंबरचं 'हॉगमने'. या दोन्ही रात्री जागोजागी 'केली' असते. उच्चार आपल्या 'केली' या क्रियापदासारखाच. मूळ गेलिक अर्थ एकमेकांच्या घरी जाणं, आता अर्थ समूहनाच.

केलीला जाताना सपाट तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घाला. काचेच्या बांगड्या आणि मोठ्या अंगठ्या घरी काढून ठेवा, ओढणी असली तर कमरेला गाठ मारून बांधा. 'स्ट्रिप द विलो' या नाचात कोपरात कोपर अडकवून गरागरा फिरवतात, एकाकडून दुसऱ्याकडे, ओळ संपेपर्यंत. एकदा माझ्या मैत्रिणीची बांगडी फुटून समोरच्या मुलाच्या मनगटाला लागली होती. 'गे गॉर्डन्स' आणि 'डॅशिंग व्हाइट सार्जंट' घरी व्हिडिओ पाहून दोनदा करून बघा. बाकी तिथला 'कॉलर' नाचाआधी एकेक पाऊल सांगतो. जोडीदार नसला तरी बसून राहू नका, कुणीही येऊन विचारतं आणि तुम्हीही कुणालाही विचारू शकता. पाण्याची बाटली लागतेच.

वाद्य वाजवत असाल तर ते जरूर आणा, पण पहिली संध्याकाळ ऐका आणि मध्यंतरात विचारा. सेशनचे मुख्य सूर डी, जी आणि ए, म्हणजे आपली पांढरी दोन, पाच आणि सहा. बासरी आणायची तर पांढरी पाचची; तिची सगळी भोकं बंद केली की डी लागतो आणि इथल्या डी व्हिसलशी ती जुळते. तबलेवाल्यांनी जास्त जपायचं. 'बाउरान' हे डफासारखं वाद्यसुद्धा एका वेळी एकानेच वाजवावं असा संकेत आहे. 'स्मॉलपाइप्स' वाजत असतील तर जवळ जाऊन बसा. मोठ्या बॅगपाइपची ही मवाळ बहीण, काखेतल्या भात्यावर चालते. तिचे लांब सूर तंबोऱ्यासारखे खाली अखंड लागून राहतात, आणि त्यांच्याशी मनातल्या मनात षड्ज लावून बघण्याचा मोह मला अजून आवरत नाही.

यादीतली शेवटची गोष्ट बहुतेकांच्या राहून जाते. एक मराठी गाणं पाठ करून या. गाण्याच्या सेशनला पाळी फिरत तुमच्यापर्यंत येते आणि कुणीतरी प्रेमाने विचारतं, "तुमच्याकडे एखादं गाणं आहे का?" नाही म्हटलं तरी चालतं. पण आजीची ओवी असेल, भोंडल्याचं गाणं असेल, अभंग असेल, तर चारच ओळी म्हणा. आधी दोन वाक्यांत अर्थ सांगा, धृपद असेल तर त्यांना शिकवा. आवाज कसा आहे हे तिथे कुणी मोजत नाही, गाणं कुठून आलं हे मात्र सगळे विचारतात. मी दोन वर्षं नाही म्हणत होते. तिसऱ्या वर्षी जात्यावरची एक ओवी म्हटली, ओळीच्या शेवटी 'गं बाई' येणारी. दुसऱ्या ओळीला सगळा कोपरा 'गं बाई' म्हणू लागला. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते शब्द ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या लिपीत उतरवून घेतले. पुढच्या महिन्यात गेले तर तो पुठ्ठा त्यांच्या फिडलच्या पेटीत, तारांच्या पाकिटाशेजारी नीट ठेवलेला होता.