ओहमच्या आलेखावरून रोध भलताच येत असेल तर

ओहमच्या नियमाच्या प्रयोगात विभवांतर (व्होल्ट) आणि विद्युतधारा (अँपिअर) यांचा आलेख काढला. रोधक १०० ओहमचा, पण आलेखाच्या चढावरून रोधाचं उत्तर भलतंच. कोनमापकाने कोन मोजून टॅन घेतला. पण अक्षांचं प्रमाण बदललं की कोनही बदलतो. चौकटी मोजून भागाकार केला, तरी तीच गत. डोकं पार उठलं.

जमलं ते असं. आधी दोन्ही अक्षांचं प्रमाण वाचलं. मग रेषेवरचेच (मोजमापांच्या तक्त्यातले नव्हेत) दोन लांबलांबचे बिंदू घेतले, रेषा चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यातून जाते तिथले: ०.५ व्होल्टला ५ मिलिअँपिअर, ३.५ व्होल्टला ३५. उभा फरक ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, आडवा ३ व्होल्ट. चढ ०.०१. विद्युतधारा उभ्या अक्षावर होती, म्हणून रोध चढाच्या व्यस्त, म्हणजे १ भागिले चढ: १०० ओहम. विभवांतर उभं घेतलं असेल, तर चढ हाच रोध.